ठोसर सरांनी न पाहिलेला तिसरा अंक

हेमचंद्र ठोसर यांनी चोपड्याच्या कॉलेजात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली निदान तीस वर्षं दर जुलैमध्ये ते वर्गात एकच नाटक उघडत. एकोणिसावं शतक संपत आलेलं असतानाच्या लंडनमधलं ते तीन अंकी विनोदी नाटक. लिहिणाऱ्याचं नाव आता इंग्लंडातही कुणाला आठवत नसेल. अभ्यासक्रमात ते एकदाच, चुकून लागल्यासारखं, दोन वर्षं होतं. नंतर निघालं. सरांनी मात्र ते सोडलं नाही.

नाटकात एका सरदाराच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात चुकून छापून येते. सरदार ठणठणीत असतो. पण छापून आलेल्या मजकुराला चारचौघांत खोटं ठरवणं त्याला असभ्यपणाचं वाटतं, म्हणून तो गप्प बसतो. त्याच्या स्मरणार्थ एक बाई घरी चहापान ठेवतात. तिथे तो वेळेवर, पांढरे हातमोजे घालून हजर होतो. जमलेली मंडळी इतकी सुसंस्कृत, की समोर बघूनही कुणी त्याला "तुम्ही तर गेलात ना?" असं विचारत नाही. त्याच्यादेखत त्याची शोकसभा यथासांग पार पडते.

केळीच्या बागांतून उठून वर्गात आलेल्या मुलांना हे चमत्कारिक वाटे. देवदत्त नावाच्या एका मुलानं एकदा उभं राहून विचारलं होतं, "सर, हे लोक वेडे होते का?"

"वेडे नव्हते," सर म्हणाले. "आपण मयताला गेलो की मोठ्यानं रडतो. यांनी रडण्याला इस्त्री करून ठेवली होती, एवढंच."

मग ते मूळ मुद्द्यावर येत. त्या काळात तिकडे दोन तट पडले होते. एक म्हणे, नाटकानं माणूस सुधारला पाहिजे, घरी जाताना प्रेक्षकानं काहीतरी शिकून गेलं पाहिजे. दुसरा म्हणे, कलेला कामाला जुंपू नका. ती सुंदर असते, तेवढं पुरे. जी वस्तू उपयोगाची ती मुळात सुंदर नसतेच. सर या दुसऱ्या तटाचे. फळ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहीत, 'कलेचा उपयोग काय? काहीही नाही.' आणि मागे वळून समाधानानं वर्गाकडे बघत. त्यांची बायको प्रभा हे ऐकून असे. सकाळी सायकल काढताना त्यांचा पाय अंगणातल्या रांगोळीत पडला की ती म्हणे, "उपयोग नाही ना तिचा? म्हणून पुसायची होय?" सर पाय झटकून सायकलवर बसत. प्रभा जाऊन आता चार वर्षं झाली होती.

ते नाटक रंगमंचावर बघावं ही त्यांची एकच हौस. त्र्याण्णव साली कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांनी ते बसवलं. पाच महिने तालमी घेतल्या, जळगावहून काळा कोट भाड्यानं आणला. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचे वडील वारले. प्राचार्यांनी सरांना बोलावून फार नरमाईनं सांगितलं, की एरवी पुढे ढकललं असतं, पण विषय बघता यंदा नकोच. आणि पुढच्या वर्षीही नको. सरांनी कोट परत केला. नाटकाची झेरॉक्स प्रत तेवढी राहिली. तिच्या समासात त्यांनी जागोजाग पेन्सिलीनं 'हशा' असं लिहून ठेवलं होतं. प्रेक्षक कुठे कुठे हसतील, याचा तो त्यांचा अंदाज होता.

यंदा मार्चमध्ये ते ब्राउनश्वाइगला मुलाकडे आले, तेव्हा ती प्रत त्यांच्या हँडबॅगेत होती. मुलगा हृषिकेश वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, सून ऊर्मिला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, नात सिया सोळा वर्षांची. नव्वद दिवसांचा व्हिसा. तेरा जूनच्या आत परत.

सर शहात्तर वर्षांचे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीही येत नव्हतं. ट्रामचं तिकीट काढता येत नव्हतं. कचऱ्याचे चार डबे होते, त्यातल्या कशात काय टाकायचं ते कळत नव्हतं. एकदा त्यांनी केळ्याची साल कागदाच्या डब्यात टाकली तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी ती काढून, पिशवीत घालून, वर आणून दिली, हसतमुखानं. ज्या इंग्रजीच्या जोरावर ते चोपड्यात सर म्हणून ओळखले जात, ती इथे बेकरीतसुद्धा अर्धीच चाले. आणि सिया. तिला मराठी सगळं कळायचं. आजोबांनी विचारलं, "काय गं, शाळेत काय झालं आज?" तर ती मान न वळवता जर्मनमध्ये दोन शब्द टाकून खोलीत जायची.

"ती उद्धट नाहीये बाबा," ऊर्मिला म्हणायची. "तिला मराठी बोलायची लाज वाटते. चुकेल म्हणून."

"मला कुठं जर्मन येतंय," सर म्हणत. "मी तरी लाजतोय का?" पण ते लाजत होतेच.

एप्रिलमध्ये एकदा जेवताना सिया आईशी तावातावानं बोलत होती. ऊर्मिलानं पांढऱ्या शतावरीची दाण्याचं कूट घालून भाजी केली होती, पण सियाचं भाजीकडे लक्ष नव्हतं. शाळेच्या नाटकमंडळाला इंग्रजी नाटक करायचं होतं, आणि मिळत नव्हतं. मंडळात मुली नऊ, मुलगे दोन. जे मिळे त्यात पुरुषपात्रंच फार, नाहीतर प्रयोगाच्या हक्कांची भानगड.

हे सगळं ऊर्मिलानं मराठीत सांगितल्यावर सर उठले, हात धुतले, आणि खोलीतून ती झेरॉक्स घेऊन आले. "सहा बायका आहेत यात," ते सियाला इंग्रजीत म्हणाले. "आणि सरदाराचं काम उंच मुलगी असेल तर तिनं करावं. जास्त चांगलं होईल."

सियानं पहिली चार पानं तिथेच वाचली. पाचव्या पानावर तिला हसू आलं. समासातल्या पेन्सिलीच्या शब्दावर तिनं बोट ठेवलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं. "हे काय?"

"हशा. इथे लोक हसतील."

"आणि मी आत्ता हसले ते?"

"ती जागा माझ्याकडून राहून गेली," सर म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल मागितली.

त्या दिवसापासून आजोबा आणि नात एकमेकांशी बोलू लागले. मराठीतही नाही, जर्मनमध्येही नाही, इंग्रजीत. ऊर्मिला स्वयंपाकघरातून ऐके आणि मधे पडायची नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्या फ्राउ लिंडेमान पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, फार भरभर बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ती प्रत दोन दिवसांत वाचून काढली आणि सरांना शाळेत चहाला बोलावलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून सर दर मंगळवारी आणि गुरुवारी तालमीला जाऊ लागले. प्रयोग पाच जूनला ठरला. तेरा जूनच्या आत. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला.

पहिल्या तालमीला मुलांनी भलताच धुमाकूळ घातला. विनोदी नाटक म्हणून ती डोळे फिरवत होती, तोंडं वेडीवाकडी करत होती. सरदाराचं काम करणारी लेओनी नावाची उंच मुलगी तर भुतासारखे हात पुढे करून आत आली. सगळे खो खो हसले. सर हसले नाहीत.

"तुम्ही विनोदी नाही आहात," ते उभे राहून म्हणाले. "तुम्ही सभ्य आहात. अतिशय सभ्य. जगात हातमोज्यांहून गंभीर काही नाही अशा थाटात बोला. हसायचं काम प्रेक्षकांचं आहे, ते त्यांना करू द्या."

मग त्यांनी लेओनीला पंधरा वेळा दारातून आत यायला लावलं. टोपी कशी काढायची, यजमानीणबाईंपुढे किती वाकायचं, बसताना कोटाचे मागचे सोगे कसे सावरायचे. हे सगळं त्यांनी पुस्तकांत वाचलेलं होतं. असा दिवाणखाना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण ते करून दाखवायला लागले तेव्हा फ्राउ लिंडेमान वहीत लिहायच्या थांबल्या. धोतर कधी न नेसलेल्या, सुती पँट आणि लोकरी टोपी घातलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थानं रिकाम्या हवेतून कप उचलला, आणि त्या कपाला वजन होतं.

सियाकडे यजमानीणबाईंचं काम आलं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सगळे पाहुणे जातात. बाई आणि तो मेलेला सरदार दोघंच उरतात. बाईंचा त्याच्यावर जीव होता, हे तोवर आपल्या लक्षात आलेलं असतं. कुणी तसं बोललेलं नसतं. बाई चहा ओतायला घेतात आणि विचारतात, दूध आधी की नंतर? तो सांगतो, आधी. संपलं नाटक.

"ती सरळ सांगत का नाही?" परत येताना ट्राममध्ये सियानं विचारलं. "की तुम्ही जिवंत आहात याचा मला आनंद झाला म्हणून?"

"सरळ सांगितलं असतं तर नाटक पाच मिनिटांत आटोपलं असतं."

"ते झालं. पण ती का नाही सांगत?"

  वर्गात सरांजवळ याचं उत्तर होतं, दीड तासाचं. "मला वाटतं," ते म्हणाले, "तिला त्याच्या आवडीप्रमाणे चहा करून द्यायचाय. तेवढ्यात ते येतंच. पण तू ते डोळ्यांत आणू नकोस. तू फक्त दुधाचं विचार."

सियानं त्या वाक्याची तालीम घरी इतक्या वेळा केली की हृषिकेश एका सकाळी कॉफी घेताना वैतागून म्हणाला, "आधी! आधी घाल बाई दूध!"

मेच्या शेवटच्या सोमवारी शाळेकडून पत्र आलं. शाळेचा मोठा हॉल, ज्याला सगळे आउला म्हणत, बंद ठेवण्यात आला होता. आगीपासून सुरक्षेची तपासणी झाली, आणि रंगमंचाचा मखमली पडदा आग पकडणार नाही असं सांगणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली निघाली. पडदा उतरवून नवा लावेपर्यंत आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. प्रयोग पंचवीस जूनला होईल. सकाळी अकरा वाजता, शाळेच्या उन्हाळी कार्यक्रमात.

सरांनी पत्र हातात घेतलं. एक अक्षर कळत नव्हतं, पण तारीख आकड्यात होती.

"पडद्याशिवाय करता येणार नाही का?" त्यांनी विचारलं. "मला पडद्याची जरुरी नाही."

फ्राउ लिंडेमाननी सगळं करून पाहिलं होतं. व्यायामशाळेत वरच्या वर्गाच्या परीक्षा होत्या. चर्चचा हॉल जुलैपर्यंत भरलेला. त्या फोनवर ऊर्मिलाला म्हणाल्या, की मला रडू येतंय. रडल्या नाहीत.

हृषिकेशनं व्हिसा वाढवून घ्यायचं मनावर घेतलं. तो तीन दिवस सकाळी सहाला उठून वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडत बसला, तेव्हा कुठे परदेशी लोकांच्या कार्यालयाची एक वेळ मिळाली. शाळेचं पत्र, विम्याचे कागद, परतीचं तिकीट, सगळं त्यानं फाइलमध्ये क्रमानं लावलं. तिथला अधिकारी, हेर ब्रुन्स, पस्तिशीचा, नीट दाढी राखलेला. सर आत आले तसा तो उठून उभा राहिला. त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी विचारलं, आणि जर्मनमध्ये सुरुवात करून, सरांच्या चेहऱ्याकडे बघून, इंग्रजीवर आला.

त्यानं फ्राउ लिंडेमान यांचं पत्र पूर्ण वाचलं. वाचताना एकदा हसलासुद्धा. "नाटक फार छान दिसतंय," तो म्हणाला. "मला स्वतःला बघायला आवडलं असतं. पण मुदत वाढवायला कायद्यानं सक्तीचं कारण लागतं. म्हणजे ज्याच्यामुळे माणसाला जाताच येत नाही असं. गंभीर आजार. विमानसेवा बंद पडणं. नाटक... माफ करा, नाटक हे अत्यावश्यक होत नाही."

 तीस वर्षं त्यांनी फळ्यावर हेच लिहिलं होतं. समोरचा माणूस त्यांचंच वाक्य त्यांना सांगत होता.

"मी आजारी पडू शकतो," ते एकदम म्हणाले.

हृषिकेशचा चेहरा पांढरा पडला. हेर ब्रुन्सनं फाइल बंद केली, तिच्या कडा जुळवल्या आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाहेर हवा आज छान आहे, नाही?" त्यानं ते ऐकलंच नव्हतं. असं न ऐकणं सरांनी फक्त नाटकात वाचलं होतं. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा तो थोडा वाकला.

"किती सुरेख नकार दिला," रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले.

"बाबा, प्लीज!" हृषिकेश थांबला. त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही चिडत का नाही? एकदा तरी चिडा. माझ्यावर चिडा. मी तुम्हाला एप्रिलमध्ये बोलवायला हवं होतं, मार्चमध्ये नाही. मीच तिकीट काढलं."

"तुला काय माहीत होतं?"

"त्र्याण्णव साली मी बारा वर्षांचा होतो. तो काळा कोट सायकलच्या हँडलला लावून तुम्ही एस.टी. स्टँडवर निघाला होतात, मी दारात उभा होतो. तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. आईनं विचारलं तर म्हणालात, कोटाला एक बटण कमी आहे, त्याचे ते पैसे कापतील." त्यानं फाइल बगलेत मारली. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, या वेळी मी करीन काहीतरी. जर्मनीत राहतो, एवढं शिकलो. एक तारीख नाही हलवता आली मला."

सरांना त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. त्याऐवजी त्यांनी त्याच्या बगलेतली फाइल काढून आपल्या हातात घेतली. "चल," ते म्हणाले, "ट्राम येईल."

दहा जूनला, सर निघायच्या आदल्या दिवशी, फ्राउ लिंडेमाननी त्यांच्यासाठी सगळं नाटक सलग करायचं ठरवलं. आउला बंदच होती. दुसऱ्या मजल्यावरचा एक वर्ग मिळाला. बाकं भिंतीला सरकवली. वेशभूषा नव्हती, लेओनीनं तेवढी घरून आणलेली मिशी चिकटवली होती. मधोमध एकच खुर्ची प्रेक्षकांची, तिच्यावर सर बसले. मांडीवर झेरॉक्स होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

पहिला अंक झाला. लेओनी दारातून आत आली, टोपी काढली, वाकली, आणि कुणीही तिच्या मरणाचा विषय काढला नाही. सर हसले. त्यांना आपलं हसणं ऐकून नवल वाटलं. बासष्ट पानांतल्या प्रत्येक वाक्याची त्यांना आधीपासून खबर होती, तरी ते हसत होते. दुसऱ्या अंकात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांना चष्मा काढावा लागला.

दुसरा अंक संपला आणि घंटा झाली. दार उघडून एक शिक्षक आत डोकावले. त्यांच्या मागे वीस मुलं दप्तरं घेऊन उभी. वर्ग त्यांचा होता. रसायनशास्त्राची चाचणी होती. फ्राउ लिंडेमान बाहेर गेल्या. काचेतून त्या हात हलवत बोलताना दिसत होत्या. ते शिक्षक मान डोलवत होते, वाईट वाटून घेत होते, आणि घड्याळ दाखवत होते. त्यांचंही चूक नव्हतं.

सियानं चहाची किटली तशीच हातात धरली होती. "आजोबा, शेवटचं तेवढं इथेच करते," ती घाईनं इंग्रजीत म्हणाली. "एक मिनिट लागेल."

"नाही," सर उठत म्हणाले. "घाईत नको. ते घाईत होत नाही."

पुढे कित्येक दिवस त्यांना त्या 'नाही'चा पस्तावा झाला. एक मिनिट मिळालं असतं. मुलांनी बाकं परत लावली, सरांनीही एक बाक एका बाजूनं धरून सरकवलं. दारात फ्राउ लिंडेमाननी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. रसायनशास्त्राची मुलं त्यांना वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभी राहिली.

चोपड्यात परतल्यावर घर चार दिवस नुसतं झाडण्यात गेलं. पंचवीस तारखेला दुपारी अडीचला तिकडे अकरा वाजणार होते. ऊर्मिलानं व्हिडिओ कॉल लावून दाखवायचं कबूल केलं होतं. दोन वाजता तिचाच फोन आला.

"बाबा, होणार नाही हो." तिचा आवाज दबलेला होता. "दारात पाटी लावलीये. चित्रीकरण करायचं नाही. दोन मुलांच्या पालकांनी सही दिलेली नाही. डाटेनशुट्स, म्हणजे खाजगी माहितीचा कायदा. मी मोबाइल पदर... ओढणीखाली धरला असता, पण हृषिकेश नको म्हणतोय."

"बरोबर आहे त्याचं," सर म्हणाले. "ज्या पालकांनी सही दिली नाही, त्यांची काही कारणं असतील. तू बघ नीट. आणि पहिल्या रांगेत बसू नकोस, तिला दडपण येईल."

फोन ठेवून त्यांनी झेरॉक्स काढली आणि घड्याळ समोर ठेवलं. तिकडे जेवढ्या वेगानं होत असेल तेवढ्या वेगानं ते वाचू लागले. मधेच वीज गेली, पंखा थांबला. पानं हलायची थांबली म्हणून त्यांना ते बरंच वाटलं. पण पहिल्या अंकातच त्यांचा ताल चुकला. तिकडे टाळ्या किती वेळ चालल्या असतील, प्रवेश बदलायला किती मिनिटं गेली असतील, कसं कळणार? ते दुसऱ्या अंकात असतील तर आपण अजून पहिल्यातच, की आपण पुढे? थोड्या वेळानं त्यांनी वाचणं सोडून दिलं आणि नुसते बसून राहिले.

पाच वाजता सियाचा फोन आला. ती धापा टाकत होती, मागे गलका चालला होता.

"आजोबा, लेओनीची मिशी पडली! तिसऱ्या अंकात! माझ्या ट्रेमध्ये!"

"मग?"

"मी काय करणार? मी साखरेच्या चिमट्यानं उचलली. बशीत ठेवली. आणि बिस्किट द्यावं तशी तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, थँक यू. लावली परत."

"तू हसलीस?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही! सगळा हॉल किंचाळत होता. पप्पा खुर्चीवरून घसरले. मी नाही हसले."

"परत सांग," सर म्हणाले. तिनं परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं, बशी कुठल्या हातात होती म्हणून.

मग सिया म्हणाली, "एक विचारू? शेवटी, मी दुधाचं विचारलं ना, तिथे कुणी हसलं नाही. एकदम शांत झालं सगळं. तुम्ही तिथे हशा लिहिलंय. माझं काही चुकलं का?"

सरांनी मांडीवरचं शेवटचं पान उलटलं. समासात पेन्सिलीनं लिहिलेला तो दोन अक्षरांचा शब्द पुसट झाला होता. तीस वर्षं ते वर्गाला सांगत आले होते, की इथे हशानं थिएटर कोसळतं. कशावरून सांगत होते?

"मला माहीत नाही बाळा," ते म्हणाले. "मी तो अंक कधी पाहिलेला नाही."

पलीकडे कुणीतरी सियाला हाक मारली. "या, या, कॉमं!" ती तिकडे वळून 'आले, आले' असं जर्मनमध्ये ओरडली, आणि "रात्री बोलते" म्हणून फोन ठेवला. रात्री तिला मैत्रिणींबरोबर जायचं होतं. तिचा फोन पुढच्या रविवारी आला, तोवर सांगण्यासारखं फार राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी नाटकमंडळ जर्मन नाटक करणार होतं. सरांनी पुढल्या खेपेच्या व्हिसाची चौकशी केली तेव्हा या वयाला प्रवासाचा विमा देणारी कंपनी मिळेना. हृषिकेश अजून शोधतो आहे.

त्या पंचवीस तारखेच्या संध्याकाळी मात्र, वीज आल्यावर, शेजारच्या सुलेखाताई एका झाकलेल्या पातेल्यात वरणबट्टी घेऊन आल्या. गल्लीत सगळ्यांनाच नाटकाचं ठाऊक होतं.

"झालं का सर तुमचं नाटक? मोबाइलवर पाहिलंत?"

"पाहता नाही आलं. पण झालं. चांगलं झालं म्हणे."

"असं कसं हो!" त्या हळहळल्या. "इतकं शिकवलंत अन् तुम्हालाच नाही." त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "पातेलं असू द्या, उद्या नेईन."

"नको, थांबा, आत्ताच देतो." सर आत गेले. बट्ट्या ताटात काढल्या, वरण वाटीत ओतलं, पातेलं घासून पुसलं. रिकामं पातेलं परत द्यायचं नसतं. त्यांनी फडताळ उघडलं. परगावाहून आलेल्या एकट्या माणसाच्या घरात काय असणार? बिस्किटं सादळलेली होती, गूळ मुंग्यांनी धरला होता. मागच्या डब्यात थोडे शेंगदाणे निघाले. ते त्यांनी ताटलीत घेऊन निवडले, किडके बाजूला काढले. चांगले मूठभर उरले, तेवढे पातेल्यात घातले आणि झाकण ठेवलं.

सुलेखाताई अजून उंबऱ्यातच होत्या. "अहो, कशाला सर?" त्या म्हणाल्या.

"असू द्या," सर म्हणाले, आणि पातेलं दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.